आधीं अंदाज, मग आलेख

पडद्यावर शिकविण्याची रीत आतां घरोघरीं येऊन पोहोंचली आहे. मुलांचे वर्ग, नोकरदारांचें प्रशिक्षण, बँकेचे व विम्याचे अभ्यासक्रम ऑनलाइन चालतात, आणि असे पाठ रचणारीं माणसेंहि आपल्यासारख्या कुटुंबांतून दिसूं लागलीं आहेत. या पाठांत हलते आलेख घालण्याची हौस मोठी. बटण दाबलें कीं रेघ धांवते, खांब वाढतात, रंग पालटतात. पाहणारा खूष होतो. पण तो कांहीं शिकला कीं नाहीं, या प्रश्नाचा विचार आज आम्ही करणार आहों.

या बाबतींत स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक हान्स रोसलिंग (१९४८–२०१७) यांनीं २००६ सालीं एका व्याख्यानांत सांगितलेला अनुभव बोधप्रद आहे. त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांपुढें देशांच्या पांच जोड्या ठेविल्या आणि प्रत्येक जोडींतील कोणत्या देशांत बालमृत्यूचें प्रमाण अधिक, एवढेंच विचारलें. डोळे मिटून उत्तरें दिलीं असतीं तरी सरासरी अडीच बरोबर आलीं असतीं. त्या हुशार विद्यार्थ्यांचीं सरासरी १.८ च आलीं! त्यांच्यापाशीं ज्ञान थोडें होतें एवढेंच नव्हे, तर चुकीची समजूत दृढ होती. अशा समजुतीवर नुसता आलेख दाखविला तर तो वरच्यावर ओघळून जातो.

न्यूयॉर्क टाइम्सनें २०१५ सालीं यावर एक सुंदर युक्ति योजिली. पालकांचें उत्पन्न आणि मुलांचें महाविद्यालयांत जाणें यांचा संबंध दाखविणारा आलेख त्यांनीं कोरा ठेविला. वाचकानें आपल्या अंदाजाची रेघ प्रथम स्वतः काढावी. खरी रेघ त्यानंतरच दिसे.

हेंच तत्त्व घरच्या गोष्टीला लावून पाहूं. एक लक्ष रुपये दरसाल दरशेंकडा ८ चक्रवाढीनें ठेविले तर १० वर्षांनीं सुमारें २ लक्ष १६ हजार, २० वर्षांनीं ४ लक्ष ६६ हजार आणि ३० वर्षांनीं १० लक्ष ६ हजार होतात. सरळव्याजानें तीस वर्षांनीं ३ लक्ष ४० हजारच झाले असते. हें कोष्टकांत वाचून मनांत ठसत नाहीं. विद्यार्थ्याला आधीं बोटानें रेघ काढावयास लावावी. बहुधा तो सरळ काढील. मग ती न पुसतां शेजारीं खरी वक्र रेघ उमटवावी. दोन रेघांमधील अंतर हाच धडा होय. त्यानंतर दराची सरकपट्टी त्याच्या हातीं द्यावी. दर ७ वर आणला कीं तीस वर्षांचा आंकडा ७ लक्ष ६१ हजारांवर उतरतो. थकलेलें कर्जहि याच रेघेनें वाढतें, हें तेथेंच सांगावें.

पाठ रचणारानें कांहीं पथ्यें पाळावींत. एका आलेखांत एकच प्रश्न असावा. खांबांच्या आलेखांत उभा अक्ष शून्यापासून असावा. ९० पासून आरंभ केला तर ९५ चा खांब १०० च्या खांबाच्या निम्माच दिसतो. भेद केवळ तांबड्या-हिरव्या रंगांनीं दाखवूं नये. हे रंग वेगळे न ओळखणारे लोक, विशेषतः पुरुष, पुष्कळ असतात. माउसनें होणारें काम की-बोर्डानेंहि व्हावें. खालीं तेच आंकडे कोष्टकरूपानें द्यावे, म्हणजे अंध विद्यार्थ्याला संगणक ते वाचून दाखवूं शकेल. मोबाइलच्या लहान पडद्यावर बोट नीट बसतें कीं नाहीं, हें घरांतील वडील माणसांकडून करवून पाहावें.

अंदाज चुकला म्हणून गुण मात्र कापूं नयेत. गुण जाण्याची भीति असली तर विद्यार्थी मनांतलें उत्तर लपवील, आणि त्याची समजूत कोठें चुकली हें शिक्षकास कधींच कळणार नाहीं. आमच्या वाचकांपैकीं जे पाठ रचीत नाहींत त्यांनाहि एक गोष्ट करतां येईल. मूल असा आलेख पाहत असेल तेव्हां बटण दाबण्यापूर्वीं त्याला थांबवून, "तुला काय वाटतें, रेघ कोणीकडे जाईल?" एवढें अवश्य विचारावें, अशी आमची सूचना आहे.