एका दिवसाचा मोकळा रस्ता

मार्गशीर्षाच्या सुमारास वसई-विरारकरांना धावण्याचे वेध लागतात. २०११ साली सुरू झालेली महापौर मॅरेथॉन अलीकडे डिसेंबरात होते. ४२.१९५ किलोमीटर धावणाऱ्याचे शरीर स्वतःच भट्टी बनते. इथली माफक थंडी त्याला उपकारकच. (स्वेटर घालून धावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) भय आहे ते धुरक्याचे. हिवाळी पहाटे जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही; धूर आणि धूळ तिथेच कोंडतात आणि धावणारा ती हवा छाती भरून घेतो. दमेकऱ्यांनी तरी उन्हे वर आल्यावरच धावावे. त्यात वाहनांच्या धुराची भर कशाला? स्पर्धेच्या दिवशी वाहने अडवून रस्ते मोकळे केले जातात. मग हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारी, सकाळी दोन तास, एखादा रस्ता वाहनमुक्त ठेवण्यास महानगरपालिकेची काय हरकत आहे?