एक शब्द आणि एक भिंत

कोरियातील ‘गाया’ हे लोखंडाच्या व्यापारावर समृद्ध झालेले प्राचीन राज्य. इ. स. ५६२ मध्ये शेजारच्या सिल्ला राज्याने ते गिळंकृत केले. त्याच्या भाषेतील म्हणून स्पष्टपणे नोंदलेला एकच शब्द आज उरला आहे. त्याचा अर्थ ‘दरवाजा’!

आपण भाग्यवान. सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत शिलालेख जुन्नरजवळ नाणेघाटात आजही उभा आहे. परंतु आकुर्डीतील कुटुंबे तेथे जातात ती पावसाळी सहलीला. लेण्याच्या भिंतीकडे पाहतो कोण? मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. तो कागदावरच राहू नये, यासाठी शाळांनी मुलांना त्या भिंतीपुढे नेऊन ब्राह्मी अक्षरे ओळखायला शिकवावे. झिजणारी अक्षरे कोणासाठी थांबत नाहीत.