देणगीच्या आधी जबाबदारी



‘सामाजिक जबाबदारी पाळणं धंद्याच्याही फायद्याचं असतं,’ असं उद्योगांच्या परिषदांमधून ऐकू येतं. नाव चांगलं राहतं, कामगार टिकतात, कोर्टकचेरी टळते. ही मालकांची बाब म्हणून आपण सोडून देऊ नये, असं मला वाटतं. या हिशेबातला तोटा शेवटी बाईच्या पदरात पडतो.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या चिखलोलीत पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, आणि शेजारीच चिखलोली-मोरिवलीची कारखान्यांची वसाहत. अंबरनाथहून वालधुनी नदी उल्हासनगरात येते ती घाण पाणी घेऊनच. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात टँकरमधलं रसायन नदीत ओतलं गेलं आणि शेकडो माणसांना श्वास घेणं मुश्कील झालं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक पालिका आणि सांडपाणी केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचंही तेच झालं. रंगाचं पाणी नाल्यात सोडणारे हे कारखाने २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर बंद पडले. पाणी शुद्ध करण्याचा खर्च वाचवायला गेले आणि धंदाच हातचा गेला. भांडवल असलेला माणूस दुसरीकडे गाळा घेऊ शकतो. घरी बसून नगावर धागे कापणारी बाई मात्र कुठल्याच हजेरीपटावर नसते. तिला भरपाई कोण देणार? नदीचा वास तिने सोसला, मजुरीही तिचीच गेली. ‘पर्यावरण हवं की रोजगार?’ असं आपल्याला विचारतात, त्यांना हे सांगायला हवं: जबाबदारी टाळली की दोन्ही जातं.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले आहेत. त्यात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य आहे. त्यातून बचत गटाला शिलाई यंत्रं मिळाली तर जरूर घ्यावीत. तो उपकार नव्हे. पण स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं या दोन टक्क्यांत बसत नाही. ते कारखान्याचं रोजचं कर्तव्य आहे.

म्हणून देणगीच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. तुमचं सांडपाणी कुठे जातं? ठेकेदाराकडच्या बायकांना किमान वेतन मिळतं का? लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती आहे का, आणि ठेक्यावरच्या बाईला तिच्यापर्यंत पोचता येतं का?

उत्तरं काय मिळाली, किंवा मिळालीच नाहीत, तेही आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यांना जागा देऊ.