आधी छोटा ग्लास, मग मोठं कर्ज

2009 साली पुण्यात ‘द कोरिंथियन्स’ या रिसॉर्टमध्ये ‘डूलॅली’ ही मायक्रोब्रूवरी सुरू झाली. हा इंग्रजी शब्द मूळचा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला!

अशा ब्रूपबमध्ये आधी चार-पाच छोटे ग्लास समोर येतात. गव्हाची बिअर, काळी, एखादी कडवट. चाखायची, आवडेल तिचाच मोठा ग्लास मागवायचा. बिअर तिथंच लहान टाक्यांत बनते. एखादी चव नाही चालली, तर तेवढ्या टाकीचंच नुकसान.

तुम्ही म्हणाल, “सर, आम्हाले बिअरचं काय करायचं?” काहीच नाही. लायसन्स, भांडवल पाहता त्या नादाला लागूच नका. फक्त छोटा ग्लास उचला.

अमरावती-अकोल्यात मी उलटंच पाहतो. आधी कर्ज, मग मशीन, हजारो पाऊच छापून तयार, आणि मग गिऱ्हाईकाचा शोध. हप्ता मात्र थांबत नाही.

भाऊ, चिखलदऱ्याची कॉफी विकायची आहे? तीन प्रकारे भाजा, छोट्या कपांत शंभर जणांना चाखवा. “छान आहे” म्हणणारे मोजू नका, खिशात हात घालणारे मोजा. मशीन त्यानंतर.