मागच्या बाकावरून पडदा केवढा दिसतो?



राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका ग्रामीण माध्यमिक शाळेत व्याख्यान देण्याचा योग आला. शाळेला देणगीदाखल मिळालेला 32 इंची दूरचित्रवाणी संच आठवीच्या वर्गात भिंतीवर बसवलेला होता. त्यावर कापडी आच्छादन, आच्छादनावर धूळ. मी माझा लॅपटॉप काढला, एचडीएमआय तार दोन्हीकडे खोचली आणि संच सुरू केला. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे! तार काढून पुन्हा लावली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. पाच-सात मिनिटे गेली. शेवटी पहिल्या रांगेतील एक मुलगी धीर करून म्हणाली, “सर, तार दुसऱ्या भोकात आहे आणि टीव्ही पहिल्यावर लावलाय.” तिने रिमोटवरील एक कळ दोनदा दाबली आणि चित्र आले. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची अशी फजिती झाल्यावर व्याख्यान चांगलेच रंगते, हा माझा अनुभव आहे.

तिने जे केले त्याचे मर्म लक्षात घ्या. आपण ज्याला टीव्ही म्हणतो त्यात दोन वस्तू असतात. एक, आकाशातून किंवा तारेतून आलेल्या लहरींतून हवी ती वाहिनी निवडणारा भाग, आणि दुसरी, नुसता पडदा. लॅपटॉप जोडला की पहिला भाग बाजूला पडतो. इंटरनेटवरून बातम्या किंवा सामना लॅपटॉपवर पाहताना निवडण्याचे काम लॅपटॉपने केलेले असते. संचाकडे उरते ते फक्त दाखवण्याचे काम, आणि कोणत्या दारातून आलेले चित्र दाखवायचे हे त्याला सांगावे लागते.

आता त्या तारेविषयी. तिच्या टोकाला 19 संपर्क असतात. तार जोडताच लॅपटॉप संचाला एक प्रकारे ‘तू कोण?’ असे विचारतो. संच आपल्या स्मृतीतील 128 बाइटांचा, बहुधा त्याहूनही मोठा, मजकूर पाठवून आपल्याला कोणकोणत्या मापांची चित्रे दाखवता येतात ते कळवतो. मग चित्र वाहू लागते. हे चित्र किती मोठे असते, त्याचा हिशेब तुम्हीच करा. एका चित्रात 1920 गुणिले 1080 बिंदू, प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी 24 बिट, आणि सेकंदाला 60 चित्रे. गुणाकार जवळजवळ 3 अब्ज बिट येतो. हे सारे एका सेकंदात! उलट तेवढ्याच बिंदूंचा चित्रपट इंटरनेटवरून सेकंदाला साधारण 50 लाख बिटांत येऊ शकतो, म्हणजे सहाशेव्या हिश्श्यात. हे कसे जमते? बातम्या देणाऱ्या व्यक्तीमागची भिंत सेकंदाला 60 वेळा कशाला पाठवायची? एकदा पाठवावी, आणि पुढे जेवढे बदलेल तेवढेच कळवावे. दबलेले चित्र उलगडण्याचे कष्ट लॅपटॉप करतो, आणि तार ते उलगडलेले चित्र जसेच्या तसे वाहून नेते. बिनतारी जोडणीत बहुधा लॅपटॉपला चित्र पुन्हा दाबावे लागते आणि संचाला पुन्हा उलगडावे लागते. म्हणून तेथे माऊस हलवल्यावर बाण किंचित उशिरा हलतो. शाळेसाठी साधी तारच बरी, हे माझे स्पष्ट मत आहे.

चित्र आले खरे, पण लॅपटॉपच्या तळाशी असणारी वेळ व बॅटरी दाखवणारी पट्टी संचावर दिसेना. चारही कडा कापल्या गेल्या होत्या. याचे कारण मोठे गमतीचे आहे. जुन्या संचांत काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत चित्र रेखाटत असे. वीजदाब कमी-जास्त झाला की चित्र आकसे किंवा फुगे. आकसलेल्या चित्राभोवती काळी चौकट दिसू नये म्हणून ते मुळातच पडद्याहून थोडे मोठे रेखाटत. नळी गेली, झोत गेला, पण ही सवय कित्येक सपाट संचांत आजही टिकून आहे! संचाच्या चित्र-मापाच्या यादीत चित्र न कापता दाखवण्याचा पर्याय असतो, तो निवडला की पट्टी परत येते.

पण मला मुख्यतः लिहायचे आहे ते यानंतर जे घडले त्याविषयी. मी सूर्यमालेचे चित्र दाखवत होतो, शेजारी मजकूर होता. अर्ध्या तासाने मागच्या बाकावरील एका मुलाला मी त्यातील एक ओळ वाचायला सांगितली. तो उभा राहिला आणि गप्प राहिला. त्याचे डोळे अधू आहेत की काय असे मला क्षणभर वाटले. मग मी स्वतः त्याच्या बाकापाशी जाऊन पाहिले. मलाही ती ओळ वाचता येईना.

त्या बाकापासून पडदा सुमारे 6 मीटर दूर होता. 32 इंची पडद्याची रुंदी सुमारे 71 सेंटिमीटर असते. आता लॅपटॉप आपण साधारण अर्ध्या मीटरवरून पाहतो. समरूप त्रिकोण मांडून पाहा: 6 मीटरवरील 71 सेंटिमीटरचा पडदा अर्ध्या मीटरवर धरलेल्या 6 सेंटिमीटर रुंदीच्या वस्तूएवढाच दिसतो. म्हणजे आगपेटीपेक्षा जरा मोठा! त्याच वेळी माझ्यासमोरचा लॅपटॉपचा पडदा 34 सेंटिमीटर रुंद होता. मला जे चित्र ऐसपैस वाटत होते, ते त्या मुलाला जवळजवळ सहाव्या हिश्श्याएवढे दिसत होते. घरी हातात आडवा धरलेला मोबाइलसुद्धा त्याला यापेक्षा कितीतरी मोठा दिसत असणार.

निरोगी डोळ्याला अक्षर ओळखायला त्याच्या उंचीने डोळ्यापाशी किमान 5 कलांचा कोन करावा लागतो. 60 कलांचा एक अंश होतो, हे तुम्ही शिकला आहातच. याचा सोपा अर्थ असा की, अक्षराच्या उंचीच्या सुमारे 700 पट अंतरापर्यंतच ते कसेबसे ओळखता येते. 6 मीटरवर ही उंची 9 मिलिमीटरच्या आसपास येते. आणि ही तर शेवटची मर्यादा झाली, तीही साध्या अक्षरांसाठी. ‘ष्ट्र’ किंवा ‘र्द्वि’ यांसारखी आपली जोडाक्षरे एवढ्यात गिचमिड होतात. माझ्या मते या उंचीच्या तिप्पट, म्हणजे अडीच सेंटिमीटर उंचीचे अक्षर घ्यावे. पडद्याची उंची 40 सेंटिमीटर धरली तर ओळींमधील मोकळी जागा सोडून एका वेळी सात-आठ ओळी मावतील. त्याहून अधिक मजकूर असेल तर तो फळ्यावर लिहावा. खडू अजून संपलेला नाही!

शिक्षकबंधुभगिनींना माझे म्हणणे कदाचित रुचणार नाही. पडदा बसवला की अध्यापन आधुनिक झाले असे आपण धरून चालतो, आणि मागच्या दोन रांगांना काय दिसते हे पाहायला वर्गाच्या मागे जात नाही. मीही त्या दिवसापर्यंत गेलो नव्हतो. पुष्कळदा मोठा, महागडा फलक घेण्यासाठी निधीची वाट पाहिली जाते, आणि असलेला संच आच्छादनाखाली राहतो. त्यापेक्षा बाके अर्धवर्तुळात पुढे ओढली तर काय बिघडेल? अंतर 6 मीटरवरून 3 मीटरवर आणले की पडदा दुप्पट रुंद दिसतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरे म्हणजे, तार विद्यार्थ्यांना जोडू द्यावी. “मुले भोक खराब करतील” ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. प्रमाणित एचडीएमआय जोड दहा हजार वेळा लावला-काढला तरी टिकावा असा बनवतात. वर्षाचे 220 दिवस, रोज दहा वेळा लावला तरी त्याला साडेचार वर्षे लागतील. एक काळजी मात्र जरूर घ्यावी: लॅपटॉपच्या किंवा संचाच्या धातूच्या भागाला हात लागून बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटले, तर जोडणी थांबवून शिक्षकांना सांगावे आणि भूसंपर्काची तार तपासून घ्यावी.

तुमच्या वर्गात असा संच असेल तर शिक्षकांची परवानगी घेऊन एक मापन करा. नेहमी दाखवला जातो तोच मजकूर पडद्यावर आणा आणि त्यातील सर्वांत लहान अक्षराची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. मग एकेकाने मागे मागे सरकत जाऊन ते अक्षर ओळखू येईनासे होते तेथे जमिनीवर खडूने रेघ मारावी. प्रत्येकाची रेघ निराळ्या जागी पडेल. ज्याची रेघ इतरांपेक्षा फारच पुढे पडेल त्याला हसू नका. त्याचे डोळे तपासून घ्यायला हवेत. शेवटी सर्व रेघांकडे पाहा आणि त्यांच्या मागे किती बाके उरतात ते मोजा.