मॉनिटर नसलेल्या संगणकावर डीव्हीडी

अनेक घरांच्या माळ्यावर एखादा जुना संगणक पडून असतो. त्याचा मॉनिटर केव्हाच भंगारात गेलेला असतो. पण जिला बोलण्यात सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात (वस्तुतः सीपीयू म्हणजे आतील एक चिप), ती पेटी शाबूत असते आणि तिच्यात डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्हही असतो. नव्या लॅपटॉपमध्ये तो बहुधा नसतो. लग्नाची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे यांची एक प्रत हार्डडिस्कपासून वेगळी असावी, असे ज्या कुटुंबास वाटते, त्यास ही पेटी पुन्हा कामास आणता येते. त्यासाठी नवा मॉनिटर विकत घेण्याचे कारण नाही.

डीव्हीडी लिहिण्याच्या कामात पडद्याचा वाटा मुळातच थोडा. लिनक्सवरील के-थ्री-बी हा प्रोग्रॅम घ्यावा. त्याच्या खिडक्या, बटणे आणि पुढे सरकणारी पट्टी हा केवळ दर्शनी भाग होय. प्रत्यक्ष लेखन पडद्याआड लेखी आज्ञेवर चालणारे दुसरेच प्रोग्रॅम करीत असतात. एक्सॉरिसो हा त्याच जातीचा. आणि लेखी आज्ञा दुसऱ्या संगणकावरूनही धाडता येते. ती सुरक्षितपणे धाडण्याची ‘सिक्युअर शेल’ अर्थात एसएसएच ही पद्धत फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ साली तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर झालेली पासवर्डची चोरी हे तिचे निमित्त. आज्ञा लॅपटॉपवर टंकावी आणि काम आतल्या खोलीतील पेटीने करावे, हे त्यामुळे सहज साधते.

एकदा मात्र पडदा लागतोच. शेजारचा मॉनिटर वा घरातील टीव्ही तासाभरासाठी जोडून लिनक्स व एसएसएच बसवावे, आणि ड्राइव्ह वापरण्याची परवानगी मिळावी म्हणून वापरकर्त्याचे नाव ‘सीडीरॉम’ या गटात घालावे. काही जुन्या पेट्या कीबोर्ड सापडला नाही तर सुरू होतानाच अडून बसतात. त्यांच्या बायोसमध्ये ‘हॉल्ट ऑन’ या नोंदीपुढे ‘नो एरर्स’ निवडले, की हा हट्ट संपतो.

खरा धोका पुढे आहे. लॅपटॉपचे झाकण मिटले किंवा वायफाय तुटले, की एसएसएचचा दुवा तुटतो, आणि त्या दुव्यातून सुरू केलेला प्रोग्रॅमही सहसा त्यासरशी बंद पडतो. अर्धवट लिहिलेली डीव्हीडी-आर बाद झाली असेच समजावे. तिच्यावर एकदाच लिहिता येते. म्हणून काम ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ यांच्या आत सुरू करावे. मग दुवा तुटला तरी पेटीतील काम चालू राहते आणि पुन्हा जोडणी केल्यावर जिथल्या तिथे दिसते. (पडदा नसलेल्या संगणकाला ‘स्क्रीन’ नावाच्या प्रोग्रॅमचा आधार लागावा, हा नावाचा विनोद.) फायली दुसऱ्या संगणकावर असतील, तर त्या आधी पेटीच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात, लेखन चालू असताना माहितीचा ओघ नेटवर्कवर अवलंबून ठेवू नये.

डब्यावर ४.७ जीबी छापलेले असले तरी अनेक संगणक तीच जागा ४.३८ दाखवतात. मोजण्याची रीत निराळी, एवढेच, पण ४.५ दिसणाऱ्या फायली त्या डीव्हीडीवर मावणार नाहीत. नावांचाही प्रश्न आहे. ‘आजी_बारसे’ अशी देवनागरी नावे असतील, तर एक्सॉरिसोला ‘जोलिएट’चा पर्याय चालू करण्यास सांगावे. तसे न केल्यास विंडोजवर ही नावे ओळखू येणार नाहीत.

लेखन संपले म्हणजे प्रत झाली, असे मानणे घातक ठरते. प्रोग्रॅमने तक्रार न करताही तबकडीचा एखादा भाग वाचता न येण्याजोगा निघू शकतो, आणि तोवर हार्डडिस्क मोकळी करून टाकलेली असली, तर आजोबांचा आवाज कायमचा गेला. यासाठी लेखनापूर्वी प्रत्येक फाइलची ‘शा-२५६’ खूण काढावी. ही ६४ अक्षर-अंकांची ओळ असते. फाइलमध्ये एका बिटाचा फरक पडला तरी ती बदलते. या खुणांची यादी तबकडीवरच ठेवावी आणि लेखनानंतर तबकडी वाचून सर्व खुणा पुन्हा जुळवाव्यात. त्याआधी ड्राइव्हचा खण एकदा उघडून बंद करावा, कारण काही ड्राइव्हना ताजे लेखन त्याशिवाय उमगत नाही. मोठ्या पेटीतील खण आज्ञेने आत येतो. लॅपटॉपमधील पातळ ड्राइव्हचा हातानेच ढकलावा लागतो.

या तिन्ही आज्ञा, म्हणजे लिहिणे, तपासणे आणि शेवटी खण उघडणे, एकामागून एक अशा गुंफता येतात, की आधीची यशस्वी झाली तरच पुढची चालेल. मग पडद्याचे काम तो खणच करतो. चौपट वेगाने भरलेली डीव्हीडी लिहिण्यास सुमारे १५ मिनिटे लागतात, तपासणीस वेगळा वेळ. तेवढ्या अवधीत घरातील कोणीही खोलीत डोकावून पाहावे. खण उघडा असेल, तर खुणा जुळल्या. तबकडी उचलावी आणि तिच्यावर मऊ टोकाच्या मार्करने तारीख घालावी, बॉलपेनने नव्हे. बराच वेळ होऊनही खण बंदच असेल, तर लॅपटॉपवरून अहवालाची फाइल उघडावी. कोणती फाइल जुळली नाही, ते तिच्यात नावानिशी लिहिलेले असते.