उत्तरपत्रिका तपासणाऱ्याची परीक्षा

२९ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकी हवाई दलाने आकाशात इंधन भरणाऱ्या १७९ विमानांचे कंत्राट नॉर्थ्रॉप ग्रुमन आणि तिची युरोपीय भागीदार ईएडीएस यांच्या पदरात टाकले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. सुमारे ३५ अब्ज डॉलरचे हे कंत्राट. अर्धशतकभर हे काम जिचे म्हणून ओळखले जात होते, ती बोइंग कंपनी घरच्याच मैदानावर हरली होती. निवडले गेलेले विमान एअरबस ए-३३० वर बेतलेले होते. 'अमेरिकेच्या करदात्यांचा पैसा युरोपला' अशी ओरड काँग्रेसमध्ये सुरू झाली आणि वॉशिंग्टन राज्य विरुद्ध अलाबामा असा प्रांतीय कलहही रंगला. कारण पहिल्या राज्यात बोइंगचा कारखाना होता, तर दुसऱ्यात एअरबसची जुळणी होणार होती.

या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. कोणते विमान चांगले, हा तो प्रश्न नव्हताच. बोइंगने ११ मार्चला गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे, म्हणजे जीएओकडे, तक्रार दाखल केली ती वेगळ्याच मुद्द्यावर: निविदेत जे निकष छापले होते, त्याच निकषांवर हवाई दलाने गुण दिले काय?

जीएओ ही अमेरिकी काँग्रेसची लेखापरीक्षण यंत्रणा. १९८४ च्या कायद्यानुसार हरलेली कंपनी तिच्याकडे वेळेत दाद मागू शकते. तक्रार दाखल होताच कंत्राटाचे काम सहसा आपोआप थांबते आणि १०० दिवसांत निकाल द्यावा लागतो. निकाल शिफारशीच्या स्वरूपाचा असतो, बंधनकारक नव्हे. तरीही खाती तो सहसा डावलत नाहीत. या यंत्रणेचे सर्वात मोठे बळ म्हणजे मूल्यमापनाची मूळ कागदपत्रे तिच्यासमोर ठेवावी लागतात. दोन्ही बाजूंचे वकील गोपनीयतेच्या बंधनाखाली ती पाहू शकतात. स्पर्धक कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना मात्र ती मिळत नाहीत.

१८ जून २००८ रोजी, म्हणजे ९९ व्या दिवशी, निकाल आला. बोइंगचे अनेक आक्षेप जीएओने फेटाळले, हे आवर्जून सांगायला हवे. कारण बोइंगच्या समर्थकांनी नंतर ते सोयीस्करपणे विसरून टाकले. पण जे मान्य केले, तेवढ्यानेच हवाई दलाची अब्रू गेली.

त्यातला पहिला दोष शाळेतल्या मुलालाही कळेल असा आहे. एका महत्त्वाच्या कामगिरी-निकषाचे अपेक्षित उद्दिष्ट गाठल्यानंतर त्यापलीकडच्या क्षमतेला वाढीव श्रेय मिळणार नाही, असे निविदेत स्पष्ट लिहिले होते. तरीही ए-३३० आकाराने मोठे, अधिक इंधन देऊ शकते, म्हणून हवाई दलाने नॉर्थ्रॉपला अधिक श्रेय दिले. आता मोठे विमान खरोखरच उपयुक्त असेल. हवाई दलातल्या जाणकारांना तसे प्रामाणिकपणे वाटले असेल. मग ते निविदेत लिहायचे होते! बोइंगने ७६७ हे लहान विमान पुढे केले, ते छापील नियम वाचूनच. प्रश्नपत्रिकेत 'दहापैकी कोणतेही पाच सोडवा' म्हणायचे आणि सात सोडवणाऱ्याला पहिला क्रमांक द्यायचा, असाच हा प्रकार.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. उपयुक्ततेच्या एका प्रमुख निकषावर आपण पूर्ण उतरलो, असे चर्चेत बोइंगला सांगण्यात आले. पुढे मूल्यमापकांचे मत बदलले, ते निकष अंशतःच पूर्ण झाल्याचे नोंदवले गेले, पण बोइंगला कोणी कळवले नाही. नॉर्थ्रॉपशी मात्र याच विषयावर चर्चा चालू राहिली. उलट, मोठ्या दुरुस्तीची सोय हवाई दलाच्या स्वतःच्या कार्यशाळांत ठरावीक मुदतीत उभी करण्यास साहाय्य करण्याची अट नॉर्थ्रॉपने मान्य केली नव्हती. अट अनिवार्य होती. हवाई दलाने तिकडे 'प्रशासकीय नजरचूक' म्हणून कानाडोळा केला. नॉर्थ्रॉपचे विमान ताफ्यातल्या सर्व संबंधित विमानांना प्रचलित पद्धतीने इंधन देऊ शकेल, हेही हवाई दलाला कागदोपत्री दाखवता आले नाही.

खर्चाचे गणित तर मासलेवाईक होते. विमानांच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च हवाई दलाने नॉर्थ्रॉपसाठी १०८.०१० अब्ज, तर बोइंगसाठी १०८.०४४ अब्ज डॉलर असा काढला. फरक अवघा ३ कोटी ४० लाख डॉलरचा; एवढ्या रकमेत तो नगण्यच. तरीही स्वस्त ठरण्याचे श्रेय नॉर्थ्रॉपला मिळाले. सुनावणीत हवाई दलाने स्वतःच चुका कबूल केल्या. त्या दुरुस्त करताच स्वस्त ठरली ती बोइंग.

संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी जुलैमध्ये फेरनिविदेची घोषणा केली आणि सप्टेंबरमध्ये ती प्रक्रियाही रद्द केली. २०१० च्या नव्या निविदेत ३७२ अनिवार्य अटी होत्या. त्या पूर्ण झाल्या की निर्णय मुख्यतः किमतीवर. मूल्यमापकाच्या विवेकाला जवळपास जागाच ठेवली नाही. नॉर्थ्रॉपने माघार घेतली, ईएडीएस एकटी उतरली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये बोइंग जिंकली. या वेळी तक्रार झाली नाही.

पण निर्दोष तपासणी म्हणजे निर्दोष विमान नव्हे. बोइंगचे पहिले केसी-४६ हवाई दलाला मिळाले ते जानेवारी २०१९ मध्ये. इंधननळी चालवणाऱ्याला बाहेरचे दृश्य दाखवणारी कॅमेरा-यंत्रणा सदोष निघाली, आणि ठरावीक किमतीच्या या करारात बोइंगचा तोटा ७ अब्ज डॉलरवर गेला. जीएओने चूक विमान निवडायला लावले, असे म्हणणारे आजही भेटतात. ते अन्यायाचे आहे. विमान निवडणे जीएओचे काम नव्हतेच.

भारतीय हवाई दलालाही याच जातीची विमाने हवी होती. एअरबसचे ए-३३० दोनदा पसंतीस उतरले. पहिल्यांदा किमतीवरून अर्थ मंत्रालयाने हरकत घेतली, दुसऱ्यांदा २०१६ मध्ये निविदाच गुंडाळली गेली. ताफ्यातली सहा इल्युशिन-७८ विमाने मात्र तीच राहिली. हरलेल्या किंवा ताटकळलेल्या कंपनीला आपल्याकडे मंत्रालयाला पत्र लिहिण्याखेरीज किंवा न्यायालयात रिट करण्याखेरीज फारसा मार्ग नाही, आणि न्यायालये तांत्रिक मूल्यमापनात शिरायला सहसा नाखूश असतात. डिसेंबर २०१८ च्या राफेल निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली ही मर्यादा स्पष्टच सांगितली.

राहता राहिले महालेखापाल. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या बारा ऑगस्टावेस्टलँड हेलिकॉप्टरांचा करार फेब्रुवारी २०१० मध्ये झाला. चाचणी घेतली ती प्रत्यक्ष विकत घ्यायच्या हेलिकॉप्टरची नव्हतीच, हे महालेखापालांनी अहवालात दाखवून दिले. तो अहवाल संसदेत आला ऑगस्ट २०१३ मध्ये. तोवर लाचखोरीची चौकशी सुरू झाली होती आणि तीन हेलिकॉप्टरे भारतात येऊन उभीही राहिली होती.